अर्थिंगला स्वच्छ जागा

ऑपरेशनला दोन तास उरले होते आणि उस्ताद वॉर्डच्या बाथरूमला आतून कडी लावून स्वतःची मांडी पॉलिश पेपरने घासत होते.

तीस वर्षं वेल्डिंग केलेला हा माणूस. त्यांच्या उजव्या नडगीच्या हाडात वाटाण्याएवढी गाठ निघाली होती. साधीच, कॅन्सरची नव्हे. पण दुखायची अशी की वर्षभर धड झोप नव्हती. भूल देऊन गाठीत सुई घालायची आणि तिचं टोक करंटने नव्वद अंशांवर सहा मिनिटं तापवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

"नव्वद म्हणजे काहीच नाही हो," बायकोने धीर दिला होता. "तुम्ही तर लोखंड वितळवता."

"लोखंडाला बायकापोरं नसतात," उस्ताद म्हणाले होते.

पण सुईपेक्षाही त्यांना धास्ती बसली होती ती वेगळ्याच गोष्टीची. सुईतून गेलेला करंट परत यायला मांडीवर चिकटपट्ट्या लावतात, असं डॉक्टर सहज बोलून गेले आणि उस्तादांची पाचावर धारण बसली. म्हणजे अर्थिंगच की! गंजलेल्या जागेवर अर्थिंगचा चिमटा लावला की तिथेच ठिणग्या उडतात, तिथेच जळतं. "आधी जागा घास!" असं ते कारखान्यात जन्मभर ओरडत आले होते. आणि आता जागा स्वतःचीच, तीही बावन्न वर्षं जुनी. त्यांनी वस्तऱ्याने केस काढले, मग पेपर फिरवला. एक मांडी झाल्यावर, कुठली धरतील कोण जाणे, म्हणून दुसरीही घासली.

तयारीच्या खोलीत सिस्टरांनी चादर बाजूला केली आणि त्या किंचाळल्याच. "अगं बाई! हे काय उठलंय?"

"काय की," उस्ताद छताकडे बघत म्हणाले.

त्वचेच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी भिंग लावून दोन्ही मांड्या तपासल्या. "इतकं सरळ रेषेत उठलेलं पुरळ मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"ॲलर्जी असेल तर धोका नको," हाडाचे डॉक्टर म्हणाले. "महिन्याभराने बघू."

उस्तादांच्या जिवात जीव आला. सुटलो! तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी पक्कं केलं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली बायको रडायला लागली.

"नवा साबण मीच आणला हो. वर्षभर यांना कळवळताना बघतेय. आता माझ्यामुळे आणखी एक महिना..."

उस्तादांना भीती वाटत होतीच, पण आता लाजही वाटली, आणि लाज जास्त बोचली.

"साबण नव्हे," ते पुटपुटले. "पॉलिश पेपर. अर्थिंगसाठी जागा साफ केली."



"कितीचा?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"ऐंशी नंबर."

"ऐंशी? अहो, दोनशेवीसचा मऊ पेपर घरात होता की!"

हाडाच्या डॉक्टरांनी मोठ्या कष्टाने चेहरा गंभीर ठेवला. "पट्ट्या पाठीवर लावू. सिस्टर, पाठ तुम्हीच पुसा. यांच्या हातात काही देऊ नका."

स्ट्रेचर आत निघालं. "पट्ट्या नीट बसवायला सांग गं," एवढंच उस्ताद बायकोला म्हणाले. दार बंद झालं.

दुपारी शुद्ध आली. ते डोळे मिटून दुखण्याची वाट बघत राहिले. दुखणं आलं नाही. भीतभीत नडगी चाचपली, तरी नाही. वर्षभरात पहिल्यांदाच पाय गप्प होता, आणि त्यांना भरून आलं.

मग मांड्या जाग्या झाल्या.

"आई गं! मेलो!"

डॉक्टर धावत आले. "हाड दुखतंय?"

"हाडाचं नाव नाही हो! मांड्या पेटल्यात, मांड्या!"

"त्या आमच्या कामात धरलेल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि मलम लिहून देऊन गेले.

बायकोने ट्यूबचं झाकण उघडलं. "लावते हं," ती म्हणाली. "पण आधी जागा घासून घेऊ ना?"

उस्तादांनी दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून ठेवली.