उलटं ठेवलेलं झाकण

डोमाजी चहा पिण्याआधी कप वाजवून पाहतात. बोटाचं पेर कपाला हळूच लावायचं, मान वाकडी करून ऐकायचं आणि मगच घोट घ्यायचा. पंगतीत ताकाचा ग्लास वाजवतात. टरबूज तर सगळेच वाजवतात, पण डोमाजी विकत घ्यायचं नसलं तरी वाजवतात. एकदा माझं हेल्मेट वाजवून म्हणाले, "बाबूजी, याच्या भरवशावर नका राहू." आमच्या संचालक मॅडमच्या केबिनमधली कुंडी वाजवून त्यांनी "हे दिवाळी नाही पाहत" असं सांगितलं, आणि कुंडी दसऱ्यालाच तडकली. तेव्हापासून केबिनमध्ये जाताना त्यांना हात मागे बांधून जावं लागतं.

आम्ही दोघं रामदासपेठेतल्या एका सागरी संग्रहालयात नोकरीला. नागपुरात समुद्र कुठला, हा प्रश्न मला रोज एक तरी माणूस विचारतो. एका मूळच्या नागपूरकर जहाजमालकाची शेवटची इच्छा, एवढंच त्याचं उत्तर. पुरातन काळी बुडालेल्या एका जहाजातून काढलेल्या वस्तू तीन कपाटांत मांडल्या आहेत. मी त्यांच्या पाट्या टाइप करतो आणि डोमाजी दालनात पहारा देतात. ते कुंभाराघरचे. तरुणपणी चाक सोडून शहरालगतच्या वाडी गावातल्या एका गोदामावर राखणदार झाले, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. मीही नाही, पण मी ते सांगत नाही.

पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

"बाबूजी, पहिल्या कपाटात थे पूजापात्र हाय ना, थे उलटं ठेवलं. पात्र नोहे थे, झाकण होय. मूठ खाली अन् तोंड वर, असं झाकण कोणी ठेवते का?"

मी म्हणालो, "डोमाजी, तज्ज्ञांनी लिहिलंय. खलाशी त्यातून समुद्राला अर्घ्य द्यायचे."

"तज्ज्ञानं वाजवून पाहिलं का? कान लावा, मंग बोला." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "त्याचं मडकं थे पाहा, तिसऱ्या कपाटात. एवढी वर्षं पाण्याखाली संगं राहिले, अन् आपण रामदासपेठेत आणून वेगळे केले."

मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. डोमाजी विसरणाऱ्यांतले नव्हते. दर सोमवारी, म्हणजे संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, स्वच्छतेला आले की पाटी बदलण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवायचे. अक्षर शाळकरी, मायना कडक. मी अर्ज घ्यायचो, "पाहतो" म्हणायचो आणि खणात टाकायचो. तो पुढे न्यावा, असं मला कधी वाटलं नाही. कपड्यांवर इस्त्री नसलेल्या माणसाचं म्हणणं खणातच बरं, अशी माझी तेव्हाची अक्कल.

दालनात त्यांनी वेगळाच मार्ग काढला. पूजापात्राला कोणी हात जोडले की मागून शांत आवाज यायचा, "करा नमस्कार. पण झाकणाले करून राहिले, एवढं ध्यानात ठेवा." एका बाईंनी तक्रार केली. मॅडमनी डोमाजींना लेखी समज दिली. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या सोमवारी अर्ज आणला. मी समजावलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. हट्टी माणूस मला आवडत नाही, आणि हा तर रोज माझ्या डब्यातली भाजी वाखाणून मग हट्ट करायचा.

निवृत्तीला चार दिवस उरले तेव्हा मात्र त्यांचा आवाज उतरला.

"बाबूजी, मी गेल्यावर हे कोण सांगन? मंग थे दोघं तसेच राहतीन."

मी खण उघडला. अर्जांचा तो गठ्ठा पाहून मला माझीच लाज वाटली. तसाच उचलला आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मॅडम चांगल्याच चिडल्या, माझ्यावर. पण बाई न्यायी. सोमवारी त्यांनी दोन्ही कपाटं उघडवली आणि हातमोजे चढवून डोमाजींना विचारलं, "पुरावा काय?"

डोमाजींनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं एक मातीचं झाकण काढलं. लाल, स्वच्छ, एकदाही चुलीवर न गेलेलं. "हे माह्या हातचं. पाहा, मुठीपाशी कुंभाराचा अंगठा दबते. तसाच खड्डा त्याच्यावर हाय. अन् काठाले एका बाजूनं काजळी हाय. मडक्याच्या गळ्यालेही एकाच बाजूनं हाय. जहाज कलंडत असन, आच तिकडूनच लागली. हे रांधायचं मडकं होय, मॅडम. कोणीतरी साऱ्यांसाठी भात शिजवत होतं."

मॅडमनी 'पूजापात्र' उलटं केलं आणि अलगद मडक्यावर टेकवलं. बसेना. डोमाजी, हात मागे बांधलेले, म्हणाले, "थोडं उजवीकडं फिरवा." मॅडमनी फिरवलं. झाकण बसलं. काजळीचा डाग काजळीच्या डागाला जाऊन मिळाला.

मॅडमनी मला नवी पाटी करायला सांगितली.

मी टाइप करायला बसलो. डोमाजी समोर बसले, टेबलावर त्यांचं झाकण. मी सहज विचारलं, "याचं मडकं घरी आहे का?"

"नाही. चाक सोडलं त्या दिवशी शेवटचं मडकं केलं होतं, घरवालीसाठी. तिनं कधी चुलीवर चढवलं नाही. म्हणे, तुमच्या हातचं शेवटलं हाय, कोरंच राहू द्या. फळीवर ठेवून रोज पुसत जाय." ते थांबले. "पाच वर्षांखाली ती गेली. तिरडी बांधली तं लोक म्हणे, घरात कोरं मडकं कुठं हाय. कुंभाराच्या घरी मडक्यासाठी बजारात कोण जाते? फळीवरचंच काढलं. लेकरू नाही आमाले, तं मीच धरून समोर चाललो. घाटावर मीच फोडलं. घरी आलो तं झाकण फळीवरच."

माझी बोटं थांबली. तीन वर्षांचे ते सगळे अर्ज मी खणात दाबून ठेवले होते. मी पाटी त्यांच्यापुढे सरकवली: 'स्वयंपाकाचे मडके, झाकणासह.'

त्यांनी ती दोनदा वाचली. "बरोबर," म्हणाले. मग टेबलावरचं झाकण उचललं, बोटाचं पेर त्याला हळूच लावलं आणि मान वाकडी करून ऐकलं.

"अजून चांगलं वाजते," म्हणाले, आणि ते टॉवेलात गुंडाळून वाडीच्या बसला निघाले.