बाबागाडीतला इतिहास

"एकीला लाल दोरा बांध गं हेल्का. दोन्ही डब्या अगदी सारख्या दिसतात. नेमकी उलटी नेशील," सासूबाई बजावत होत्या.

"आई, इतिहासात एम.ए. केलंय मी. दोन डब्यांतला फरक कळतो मला," म्हणत हेल्काने एक डबी तान्ह्या लूमीच्या पांघरुणात सारली, दुसरी खिशात टाकली आणि बाबागाडी ढकलत हेलसिंकीतल्या आपल्या कचेरीची वाट धरली. बाळाजवळच्या बिनतारी डबीने ऐकायचं आणि आईच्या खिशातल्या डबीने बोलायचं, असा त्या दोघींचा साधा संसार. बाळ कुरकुरलं की खिसा कुरकुरणार.

लहान गावांच्या वाद्यवृंदांच्या राष्ट्रीय संघाचा आज वर्धापनदिन होता, आणि संघाचा इतिहास लिहून तो सभेत वाचायचं काम हेल्काकडे होतं. नोकरी हंगामी. आजचं भाषण सभेला पटलं तर ती कायम, नाहीतर वसंत यायच्या आत घरी. अध्यक्ष विर्ताला साहेबांनी तर आठवडाभर एकच धोशा लावला होता, "बाई, इतिहासात सलोखा दिसला पाहिजे. नुसता सलोखा!"

लूमीला तिने तिथल्या रीतीप्रमाणे, रोजच्यासारखं लोकरीत गुंडाळून मागच्या अंगणात, बर्फाच्या कडेला झोपवलं. बंद, उबदार खोलीत कुठलं बाळ धड झोपतं? एरवी हेल्का सारखी धावत जायची, पोरीच्या नाकाशी बोट धरायची आणि मगच परत यायची. आज मात्र खिसा गप्प होता. इतका गप्प, की तिला लेकीचं कौतुकच वाटलं.

कॉफीची सुट्टी झाली. हेल्का वाद्यांच्या खोलीत शिरली, दार लावून घेतलं आणि नवऱ्याला फोन केला.

"यालो, ऐक ना. सगळं खोटं वाचायचंय."

"मग खरं काय आहे?"

"खरं? अरे, हार्युनिएमीच्या वाद्यवृंदाने कोइवुलावाल्यांना एका कार्यक्रमापुरते दोन मोठे नगारे दिले. ते त्यांनी ढापले! मागून मागून हे थकले, शेवटी बोलणंच बंद झालं. मग मध्ये बोलायला कोणीतरी हवं, म्हणून हा संघ काढला. बंधुभाव कसला, डोंबल!"

यालो खो खो हसला. "आणि तुमचे सलोखासाहेब?"

"ते? जन्मभर झांजा वाजवल्या त्यांनी. वर्षातून दोनदा. बाकीचा वेळ मागे बसून पेंगायचे. सलोखा तिथेच सुचला असणार."

बोलत बोलतच ती अंगणाच्या दारात आली. बाहेर बाबागाडीभोवती ही गर्दी! कॉफीचे कप ओठांशी अडलेले, वेलचीचे पाव हातात तसेच.

"थांब यालो, लूमीपाशी सगळे जमलेत," ती म्हणाली.

"थांब यालो, लूमीपाशी सगळे जमलेत," बाबागाडी म्हणाली.

हेल्काने खिशातली डबी काढून बघितली. नेमकी उलटीच आणली होती!

"ढापले?" कोइवुलाच्या व्यवस्थापक राउहाबाई लालबुंद झाल्या होत्या. "आम्ही ढापले?"

"मग काय, आहेर केला होता आम्ही?" हार्युनिएमीचे सोर्सा कडाडले.

त्या आरडाओरड्याने लूमी जागी झाली आणि तिने असा काही सूर लावला की दोघंही गप्प बसले. हेल्काने उचललं, तर सूर आणखी चढला. तेव्हा विर्ताला साहेबांनी कोणाकडेही न बघता पोरीला परत गाडीत ठेवायला लावलं, दांडा धरला आणि गाडी डोलवायला लागले. पोर चिडीचूप.

"तुम्ही सगळे आत व्हा," ते म्हणाले. "झांजवाल्याला थांबायची सवय असते."

सभागृहात हेल्का कागद घेऊन उभी राहिली. "आपला संघ बंधुभावाच्या पायावर..."

"ते नको!" मागून कोणीतरी ओरडलं. "बाबागाडीतलं सांगा!"

नोकरी गेलीच आहे, असं धरून तिने सगळं सांगून टाकलं. मग राउहाबाई उठल्या.

"आहेत नगारे आमच्याकडे. तळघरात. त्यांच्यावर फळी टाकून आम्ही कॉफी पितो. जा घेऊन!"

सोर्सा चाचरले. "नको, नको. म्हणजे... तुमचा एक भलामोठा बास, ते माणसाएवढं व्हायोलिन, आमच्याकडे आहे. नगाऱ्यांच्या रागात आमच्या आधीच्यांनी उचललेला."

"अगंबाई! तो चोरीला गेला म्हणून आम्ही पोलिसांत गेलो होतो!"

"अहो, पण सगळं परत केलंत तर भांडण मिटेल," खजिनदार घाबरून म्हणाले. "आणि भांडण मिटलं तर संघ कशाला हवा?"

हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटला. कोणी कोणाला काहीही परत करायचं नाही, असा ठराव एकमताने झाला. संघाच्या इतिहासातला पहिलाच एकमताचा ठराव! त्याच भरात हेल्काला कायम करण्याचाही झाला.

"आता फक्त अध्यक्षांची सही," खजिनदार म्हणाले. "अध्यक्ष कुठायत?"

तेवढ्यात दिवे मंदावले, दारं बंद झाली आणि वर्धापनदिनाचं वादन सुरू झालं. वादन सुरू झाल्यावर इथे दार उघडत नाही. आग लागली तरी लोक पहिला भाग संपायची वाट बघतील. हेल्का रांगेच्या मधोमध अडकली होती, एका हाताला राउहाबाई, दुसऱ्या हाताला सोर्सा. आणि तिला आठवलं, साहेब बाहेर गेले ते नुसत्या पातळ काळ्या कोटात. हात थांबला की लूमी रडते, म्हणजे ते थांबायचे नाहीत. तिने हळूच खिशातली डबी तोंडापाशी नेली.

"साहेब, बरे आहात ना?"

डबी कशाला बोलतेय! ती नुसती ऐकणारी.

वाचकहो, तुम्ही बाहेरच आहात, तर एवढं कराल का? मागच्या अंगणात जरा डोकावून या. लूमीचं काही नाही, ती लोकरीत आहे. साहेबांना बघा. सहीपुरती उजव्या हाताची बोटं अजून वळतायत ना, तेवढं तरी बघा.