जांगडवरच्या पाच बॅटऱ्या

सुनेत्राने फ्रीजमधून चक्क्याचं भांडं काढलं, बोटाने चाखून बघितलं आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. चक्का आंबटढाण झाला होता.

"इरा! फ्रीज बंद पडला गं! मेल्याला आजचाच दिवस सापडला!"

"बंद नाही पडला, आई," इरा आतून म्हणाली. "बाबांनी रात्री प्लग काढलाय. तिथे त्यांची बॅटरी लावलीय."

सुनेत्रा उठून घरभर फिरली. फ्रीजच्या जागी एक, मिक्सरच्या जागी दुसरी, इस्त्रीच्या जागी तिसरी, टीव्हीच्या जागी चौथी आणि देवघरातल्या छोट्या दिव्याच्या जागी पाचवी. बोटभर लांबीच्या पाच बॅटऱ्या भिंतीला चिकटून लाल डोळे दाखवत होत्या आणि अविनाश फणसे खुर्चीत बसून त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. आणि संध्याकाळी इराला बघायला माणसं यायची होती.

खरं तर मागणी अगदी साधी होती. बडोद्याच्या समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत जिन्यावरचा दिवा गणपतीत गेला होता, आणि तो दुसऱ्या मजल्याने बदलायचा की तिसऱ्याने, यावर कमिटीचं एकमत होईना. दिवाळीत सुनेत्राचा पाय त्या जिन्यात मुरगळला. "पर्समध्ये मावेल, घरी चार्ज करता येईल अशी एक बॅटरी आणा," एवढंच ती म्हणाली होती. आता होळी तोंडावर आली होती. दुसरी कुणी असती तर स्वतःच जाऊन घेऊन आली असती, पण सुनेत्राने ते काम नवऱ्याला सांगितलं होतं आणि नवऱ्याने ते मनावर घेतलं होतं, हेच चुकलं.

अविनाश मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आलेला माल तपासायच्या खात्यात होता. खिळ्यांचं खोकं आलं तरी तो चार खिळे वाकवून बघितल्याशिवाय सही करत नसे. घरीही तेच. पायपुसणं घेतानासुद्धा दुकानदाराकडे पाणी मागून ते भिजवून बघणारा माणूस. त्यातून त्या वर्षी मांडवीच्या बाजारात एलईडीच्या चिनी टॉर्च नव्यानेच आल्या होत्या. दर शनिवारी हा जशभाईच्या दुकानात जाऊन उभा राहायचा. शेवटी तो गरीब माणूसही कंटाळला.

"अविनाशभाई, एक काम करो," तो म्हणाला. "पाचेपाच जांगडे लई जाओ. घरे जुओ. गमे ए राखजो, बाकीनी पाछी आपजो."

जांगड म्हणजे बडोद्यातला जुना रिवाज. माल घरी न्यायचा, बघायचा, पसंत पडेल तो ठेवायचा आणि उरलेला परत करायचा. बायका साड्या अशाच आणतात. बॅटऱ्या जांगडवर आणणारा अविनाश मात्र अख्ख्या शहरात पहिलाच असावा.

"तू इरासाठी साड्या जांगडवर आणल्यास ना?" अविनाश आता वर तोंड करून म्हणाला. "मग मी टॉर्च आणल्या तर काय बिघडलं?"

"साडीपायी चक्का नाही आंबला माझा!" सुनेत्राचा आवाज चढला. "अहो, दिनकरराव येणारेत आज! तुम्हाला ठाऊक आहे ना ते कसे आहेत?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं. नवऱ्यामुलाचे, म्हणजे सलीलचे, वडील दिनकरराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आयुष्यभर लोकांच्या थापा ऐकून त्यांना खोट्याचा असा काही तिटकारा आला होता की विचारू नका. आदल्या वर्षी सलीलचं एक जमत आलेलं स्थळ त्यांनी मोडलं होतं. का? तर मुलीने केलेलं म्हणून जे श्रीखंड वाढलं, ते डेअरीतलं निघालं. आणि इराला तर सलील मनापासून आवडला होता. मैत्रिणीच्या लग्नात दोघं तासभर बोलले होते, त्यानंतर ही पोरगी घरात गुणगुणत फिरत होती.

"बाबा," इरा रडवेली होऊन म्हणाली, "आजचा एक दिवस तुमच्या बॅटऱ्या आवरा. प्लीज!"

"आत्ताच्या आत्ता त्या जशभाईला परत देऊन या," सुनेत्राने फर्मावलं. "आणि येताना डेअरीतून श्रीखंड आणा. विचारलं तर खरंच सांगू."

अविनाशने श्रीखंड निमूटपणे आणून दिलं. दुपारी बॅटऱ्या पिशवीत भरल्या, "निघालो गं" असं ओरडला आणि दारापर्यंत गेलाही. पण तिथे त्याचा पाय अडला. एक तपासणी राहिली होती. पूर्ण चार्ज झालेली कोणती टॉर्च किती वेळ टिकते, हे बघितल्याशिवाय निवडायची तरी कशी? त्यासाठी काळोख हवा. भर दुपारी बडोद्यात काळोख मिळतो कुठे? त्याची नजर हॉलच्या कोपऱ्यातल्या माळ्यावर गेली. फळ्यांची दारं ओढून घेतली की आत मिट्ट अंधार. अंगातला शर्ट मळायला नको म्हणून त्याने काढून ठेवला, एक लाकडी खुर्ची ओढली, वर चढला आणि दार लावून घेतलं. पाचही टॉर्च त्याने एका रांगेत पेटवून ठेवल्या.

थोड्या वेळाने सुनेत्रा केस पुसत बाहेर आली. खुर्ची भलत्याच जागी, वर धुळीचं पाऊल. "या माणसाला वस्तू जागच्या जागी ठेवणं म्हणून माहीत नाही," असं पुटपुटत तिने खुर्ची स्वच्छ पुसली आणि सोफ्याशेजारी नेऊन ठेवली. पाहुणे वेळेआधी आले आणि त्या खुर्चीवर दिनकरराव बसले.

"फणसे दिसत नाहीत?" बसता बसता त्यांनी विचारलं.

आता काय सांगणार? मुलीला बघायला माणसं आलीत आणि बाप बॅटऱ्या परत द्यायला गेलाय? सुनेत्राच्या तोंडून निघून गेलं, "कंपनीतून अचानक बोलावणं आलं त्यांना. येतीलच."

"चपला तर दारात दिसतात."

"बूट घालून गेलेत," सुनेत्रा म्हणाली. एकाला दुसरं जोडावंच लागतं.

माळ्यावर अविनाशने हे सगळं ऐकलं. त्याने फळी इंचभर सरकवून खाली बघितलं. खुर्ची नाही. अंगात बनियन, डोक्यावर जळमटं आणि बायकोने त्याला मकरपुऱ्याला धाडलेलं. उतरायची सोय राहिली नव्हती. निदान टॉर्च तरी विझवाव्यात की नाही? पण मध्येच विझवल्या असत्या तर सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागली असती. त्याने त्या तशाच ठेवल्या आणि पुढे जुनी गोधडी आडवी टाकली.

खाली श्रीखंड आलं. दिनकररावांनी वाटीकडे बघितलं, मग इराकडे.

"घरचं का?"

"नाही काका. डेअरीतलं आहे. घरचा चक्का आंबला."

दिनकररावांचा चेहरा खुलला. "वा! असं सरळ बोलणारं माणूस हवं. बराबर ने, मंदाकिनी? आम्हाला आणखी काही नको बघा. फक्त घरात कुणी थाप मारता कामा नये."

सलीलच्या आई मंदाकिनीबाईंनी मान डोलावली. इराने आईकडे बघितलं, आईने फरशीकडे. सलील मान खाली घालून श्रीखंड खात होता, आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता.

ऊन उतरलं, हॉलमध्ये थोडं अंधारून आलं आणि माळ्याच्या फटीतला पांढरा उजेड दिसायला लागला. दिनकरराव बोलता बोलता थांबले.

"माळ्यावर दिवा लावता तुम्ही?"

सुनेत्राने वर बघितलं आणि तिला एका क्षणात सगळं समजलं. खुर्ची, धूळ, चपला. त्या घटकेला नवरा हातात सापडला असता तर तिने त्याला त्या बॅटऱ्यांसकट चेचलं असतं.

"हो... म्हणजे, झुरळं होतात ना. उजेड असला की येत नाहीत."

"हं," दिनकरराव म्हणाले. पण फटीवरची नजर त्यांनी काढली नाही. गाडीतल्या संडासाचं दार आतून लावलेलं दिसलं की ते असेच बघत असत.

इतक्यात वरचा उजेड जरा मंदावला आणि माळ्यावरून खणखणीत आवाज आला, "अरेच्चा! सगळ्यात भारीवाली पहिली गेली!"

दिनकरराव शांतपणे उठले. खुर्ची माळ्याखाली नेली, वर चढले आणि फळी सरकवली. आत चार दिव्यांच्या झगमगाटात, बनियनमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन मुलीचा बाप बसला होता. "टिकट?" हा शब्द दिनकररावांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेला.

"नमस्कार," अविनाश म्हणाला. "मी फणसे."

"तुम्ही कंपनीत होता ना?"

"नव्हतो. इथेच होतो. टॉर्च निवडत होतो. हिला पर्ससाठी हवी आहे. कोणती जास्त वेळ टिकते ते बघायला अंधार लागतो, म्हणून वर आलो. तेवढ्यात हिने खुर्ची काढली. हिला वाटलं मी बाहेर गेलोय. एवढंच आहे."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दिनकरराव त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली उतरले आणि हात झटकत म्हणाले, "फणसेसाहेब, नोकरीत मी एकेक नग बघितलाय. कुणाची आजी वारायची, कुणाचं पाकीट नदीत पडायचं. पण इतकी भिकार थाप मला आजवर कुणी मारली नाही. सरळ सांगा ना, आम्ही पाठीमागे काय बोलतो ते ऐकायला चढून बसला होता. चल मंदाकिनी. सलील, ऊठ."

इराच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सलील अर्धा उठला, तिच्याकडे बघितलं आणि तसाच अवघडून उभा राहिला. सुनेत्राने ते बघितलं आणि इतक्या महिन्यांच्या साचलेल्या रागाचा बांध फुटला.

"थांबा! कंपनीत गेलेत ही थाप माझी. बुटाची माझी, झुरळांचीही माझीच. तिन्ही तुम्हाला पटल्या! आणि हे खरं सांगतायत ते पटत नाही? अहो, मला थापच मारायची असती तर ही मारली असती का? माळ्यावर बॅटरी निवडत बसलेत म्हणून? दिवाळीत पाय मुरगळला माझा. एक बॅटरी आणा म्हटलं, एक! या माणसाने बॅटऱ्या पाण्यात बुडवल्या, माझ्या गॅलरीतून खाली टाकल्या, अंधारासाठी गव्हाच्या कोठीत डोकं घालून बसले! काल फ्रीज बंद केला, माझा चक्का नासला, आज लेकीचं लग्न नासवायला निघालेत, आणि अजून, अजून यांचं ठरत नाहीये!"

"तसं दोनवर आलंय आता," माळ्यावरून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा!"

मंदाकिनीबाई उठल्या नव्हत्या. त्यांनी वाटीतलं उरलेलं श्रीखंड संपवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बसा खाली. हे सगळं खरं आहे."

"कशावरून?"

"हा वैताग खोटा आणता येत नाही. न्हाणीघरातला नळ स्वतः दुरुस्त करीन म्हणालात, तेव्हापासून मी रोज असंच बोलते. तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत, म्हणून तुम्हाला ओळखू आलं नाही."

दिनकरराव बसले. मग वर बघून म्हणाले, "उतरा आता, व्याही."

इराने पदराने डोळे पुसले. सुनेत्राला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती आत जाऊन साखर घेऊन आली. अविनाश खाली उतरला, शर्ट घातला आणि सगळ्यांच्या पाया पडू लागला. त्याला आवरावं लागलं.

निघेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या होत्या. दार उघडलं तर जिन्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

"अहो, आणा तुमच्या बॅटऱ्या," सुनेत्रा म्हणाली. "एकदा तरी कामाला येऊ देत."

अविनाश उभाच राहिला.

"काय झालं?"

"सगळ्या संपल्या. तपासणी पुरी झाली ना. प्लगला लावतो, पाहुणे सकाळपर्यंत थांबले तर..."

सुनेत्रा देवघरात गेली, निरांजन लावून आणलं आणि ते इराच्या हातात दिलं. पुढे इरा, तिच्याशेजारी सलील, मागे मंदाकिनीबाई, भिंत चाचपत दिनकरराव आणि शेवटी सुनेत्रा नि अविनाश अशी वरात एकेक पायरी उतरू लागली.

"आता जास्त लांबवायला नको," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "वैशाखातला मुहूर्त धरू. हॉल तेवढा बघायला हवा."

"ते माझ्याकडे सोडा," अविनाश उत्साहाने म्हणाला. "बडोद्यातले सगळे हॉल एकदा नीट तपासून..."

"नको!"

पाचही जणं एकदम ओरडली. त्यात सगळ्यात मोठा आवाज सलीलचा होता, आणि त्याच्या फुंकरीने निरांजन विझलं.