खुर्चीवरची बॅग

सरकारी नोकरी सोडून अंधेरीतल्या खाजगी कंपनीत रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, चहाच्या वेळेला लवू मेस्त्रींनी आपली बॅग खुर्चीवर ठेवली आणि ते निवांत खाली टपरीवर गेले. जुन्या ऑफिसात असंच चालायचं. खुर्चीवर बॅग दिसली की साहेबसुद्धा समजून जायचे, माणूस इथेच कुठेतरी आहे.

इथे तसं कोणी समजलं नाही. लवूंनाच अजून कोणी ओळखत नव्हतं, तर त्यांच्या बॅगेला कोण ओळखणार? त्यात ती बॅग अचानक गुरगुरायला लागली. थांबली, पुन्हा गुरगुरली. शेजारच्या टेबलावरच्या देवेशने सिक्युरिटीला बोलावलं, सिक्युरिटीने शिट्टी फुंकली आणि बघता बघता अख्खी कंपनी जिन्याने खाली आली.

लवू दुसरं कटिंग घेत होते. घोळक्यात त्यांना त्यांच्या नव्या साहेब, श्रुतिका मॅडम दिसल्या.

“काय झालं मॅडम?”

“वर बेवारशी बॅग सापडलीय. काळी. आत काहीतरी थरथरतंय.”

“चेन तुटलेली? सेफ्टी पिन लावलेली?”

“तुम्हाला कसं माहीत?”

लवूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “मॅडम, ती कुंदा असणार.”

“बॅगेत?”

“नाय हो, फोनवर! मिसेस माझी. फोन बॅगेतच राहिला ना!”

सगळे खो खो हसले, मॅडम सोडून. मुलीच्या कॉलेजसाठी चार पैसे जास्त मिळतील म्हणून लवूंनी कायमची सरकारी नोकरी सोडली होती, आणि इथे पहिले तीन महिने कंपनी कधीही घरी बसवू शकत होती. “सोडलीत तर सोडलीत,” कुंदा सकाळीच म्हणाली होती, “आता तिथे टिका म्हणजे झालं.”

“पण बॅग खुर्चीवर ठेवलीच कशाला?” मॅडमनी विचारलं.

बिचाऱ्याने खरं ते सगळं सांगून टाकलं.

“अस्सं चालतं तिकडे?” एवढंच म्हणून मॅडमनी टपरीवाल्याकडे एक कटिंग मागितलं. बाकीच्यांनीही मागितलं. कितीतरी महिन्यांनी ती माणसं मशीनच्या चहाऐवजी खरा चहा पीत होती.

दुसऱ्या दिवशी लवू खुर्चीला चिकटूनच बसले. पाणी प्यायलाही उठले नाहीत. चहाच्या वेळेला ऑफिस फारच शांत वाटलं, म्हणून त्यांनी मान वर केली. देवेशच्या खुर्चीवर बॅग होती. पलीकडे अक्षताच्या खुर्चीवरही बॅग. आणि काचेच्या केबिनमध्ये, मॅडमच्या खुर्चीवर त्यांची पर्स.

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. लवू धावत गेले. हेड ऑफिसचे साहेब होते.

“श्रुतिका आहे का जागेवर?”

लवूंनी पर्सकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीचा अनुभव असा वाया थोडाच जातो?

“आहेत ना साहेब,” ते म्हणाले, “इथेच आहेत कुठेतरी.”