खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

यंत्र बंद पडणं ही ईश्वरी इच्छा असते आणि ते चालू करणं ही प्रशासकीय बाब असते. दोन्हींत घाई करून कुणाचं भलं झाल्याचं आजवर ऐकिवात नाही.

हे सत्य सोलापुरात सर्वांत मनोभावे पाळणाऱ्या श्री ज्ञानलिंग विद्या प्रसारक मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयाचं कार्यालय नवी पेठेच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आहे. तिथं एक खिडकी आहे. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ अशी पाटी आहे (पक्क्या रंगात रंगवून घेतलेली, सर्व्हर नेमका काय असतो याबद्दल कार्यालयात दोन मतं आहेत, पण तो डाऊन असतो याबद्दल एकमत आहे). खिडकीच्या आत हेडक्लार्क प्रभुलिंगअप्पा, आणि अप्पांच्या शेजारी मंडळाचा संगणक. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर मोराची सोलापुरी चादर घातलेली असते. चादरीनं यंत्र आतून तापतं असं कुणीसं म्हटल्यावर ती काढायचं ठरलंही होतं, पण काढून ठेवायची कुठं यावर निर्णय झाला नाही.

प्रभुलिंगअप्पा कामाला चोख. गेल्या साली हातानं लिहिलेल्या एका दाखल्यात मुलाची जन्मतारीख त्याच्या आईच्याही आधीची पडली, तेव्हा ‘यापुढे हस्तलिखित दाखला कोणत्याही सबबीवर दिला जाणार नाही’ असं परिपत्रक अप्पांनीच काढलं. भाषा अशी कडक की कुणालाही पळवाट राहू नये. पुढं वर्षभर ते त्या परिपत्रकाबद्दल येईल त्याला अभिमानानं सांगत. यंदाच्या दसऱ्यानंतर त्यांनी ते सांगणं बंद केलं.

कारण यंदा अप्पांच्याच लेकीचा, काव्याचा, बार्शीच्या एका नर्सिंग कॉलेजात अगदी शेवटच्या फेरीत नंबर लागला होता. शनिवारी संध्याकाळी कॉलेज बंद व्हायच्या आत तिथं शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा, नाही तर जागा जाणार आणि जागेबरोबर वर्षही जाणार. दाखला संगणकात होता. आणि संगणक खंडेनवमीपासून चालू होत होता. झाला नव्हता, होत होता.

त्याचं असं झालं, की जुन्या संगणकात नवी सिस्टीम टाकायची होती. मंडळाचे अध्यक्ष अण्णाराव मालक मुहूर्ताशिवाय पेनाचं टोपणसुद्धा उघडत नाहीत, म्हणून हे काम खंडेनवमीवर ठेवलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मंडळाची हत्यारं म्हणजे संगणक, झेरॉक्स मशीन, स्टेपलर आणि एक छडी (छडी वापरात नाही, फक्त पूजेपुरती आहे). दुरुस्तीवाल्या बसूनं नवी सिस्टीम एका पेनड्राइव्हमध्ये भरून आणली. मालकांनी तो ताटातून उचलला, त्याला विभूती लावली आणि टाळ्यांच्या गजरात स्वहस्ते संगणकाच्या पाठीत खोचला. वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, समोर नारळ फुटला. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली. बसूला मैंदर्गीला, गावच्या पालखीला जायचं होतं. “आता आपोआप हुतंय की,” म्हणून तो एसटी गाठायला पळाला. मालकही त्याच संध्याकाळी श्रीशैलच्या दर्शनाला निघून गेले.

पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. दसरा झाल्यावर लावायला हरकत नसते. पण मालकांनी स्वहस्ते बसवलेली वस्तू मालकांनीच हलवायची, हे कुठंही लिहिलेलं नसताना सगळ्यांना ठाऊक होतं. लिहिलेल्या नियमांपेक्षा असे नियम आपल्याकडे जास्त पाळले जातात.

दसऱ्यानंतर कार्यालय उघडलं तेव्हा संगणक नम्रपणे विचारत होता, ‘भाषा निवडा.’ अप्पांनी मराठी निवडली. पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांना पोचली. ‘तुमचा संगणक पुन्हा सुरू होईल, कृपया धीर धरा,’ असं उमटलं आणि पडदा काळा झाला. अप्पांनी धीर धरला. पडदा उजळला. ‘भाषा निवडा.’

पहिल्या दिवशी अप्पांना कौतुकच वाटलं. कागद सगळ्या टेबलांवरून मानानं फिरवून शेवटी पहिल्याच टेबलावर आणून ठेवायचा, ही हातोटी यायला माणसाची अर्धी नोकरी खर्ची पडते. यंत्रानं ती एका सणात उचलली होती.

मग उपाय सुरू झाले. मालकांच्या मातृभाषेचा मान म्हणून कन्नड निवडून पाहिली. यंत्रानं तितक्याच अदबीनं कन्नडमध्ये धीर धरायला सांगितलं. तेलुगुभाषिक विणकरांच्या घरातले एक शिक्षक म्हणाले, तेलुगू राहिली. तीही झाली. टेबल पूर्वेकडं तोंड करून लावलं. व्होल्टेजचा संशय म्हणून पंखा बंद ठेवून सगळे घामाघूम बसले. वायरीला लिंबू-मिरची बांधली. शेवटी चादरही काढली (ती तूर्त अप्पांच्या खुर्चीवर आहे, कायमस्वरूपी जागेचा विषय पुढील बैठकीत). एवढं सगळं करताना जो तो संगणकाच्या पाठीमागं वाकून बघत होता आणि झेंडूचा हार दिसला की हात जोडून परत येत होता. अप्पांनी मालकांना श्रीशैलला अहवाल पाठवला, ‘काम रोज अनेक वेळा शंभर टक्के पूर्ण होत असून आठवड्याची एकूण प्रगती दोन हजार टक्क्यांच्या पुढं गेली आहे.’ मालकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

बसूला फोन लावला. मैंदर्गीत रेंज कमी आणि हलगी जास्त.

“अप्पा, मागं काय काय लावलंय तेवडं सांगा की!” बसू ओरडला.

अप्पा वाकले आणि एकेक सांगत गेले. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, विजेची वायर.

“आनि काय?”

“आनि काय न्हाई,” अप्पा म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. झेंडूखाली जे होतं ते नवमीला उपकरणांतून निघून देवांत गेलं होतं, आणि देवघरातल्या देवांची नोंद कुणी सामानात करत नाही.

“माजा पेनड्राइव्ह?”

“पूजेत हाय. एकदम सुखरूप.”

“मग बरं,” बसू म्हणाला. त्याला वाटलं देव्हाऱ्यात ठेवलाय. “मग मशीनच म्हातारं झालंया अप्पा. मी आल्यावर बगतो. पालखी झाल्यावर.”

इकडं खिडकीपुढची रांग वाढत होती. रांगेत सर्वांत पुढं बुद्धप्रिया नावाची मुलगी होती. तिलाही बार्शीच्या त्याच कॉलेजात जागा मिळाली होती आणि तिचीही मुदत तोच शनिवार होता. तिच्या मागं काव्या. दोघी अकरावीपासून एका बाकावर बसायच्या, आता एका रांगेत उभ्या होत्या. काव्याला आत बोलवायचं अप्पांच्या मनात शंभरदा आलं. पण हेडक्लार्कच्या लेकीनं रांग मोडली तर रांगेला काय किंमत राहिली? ते तिला सगळ्यांसारखंच सांगत, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” पाटीवरचं ते वाक्य त्यांनी नोकरीभर हजारोंना ऐकवलं असेल. स्वतःच्या पोरीला ऐकवताना मात्र ते तिच्याकडं न बघता पाटीकडं बघत.

घरी तर बोलायची सोय नव्हती. त्यांची बायको राजेश्वरी भाकरी थापता थापता म्हणाली, “दुसऱ्याच्या पोरांस्नी येरझाऱ्या घालायला लावलाव, तवा आमी काय बोललो न्हाई. आता सोताच्या लेकीला तरी सोडा की.”

“मशीन ऐकना झालंय गं.”

“मग हातानं लिवून द्या.”

“परिपत्रक हाय.”

“कुनाचं?”

अप्पांनी ताटातली आमटी ढवळली. काव्या नर्सचा पांढरा ड्रेस शिवायला टाकायचा का थांबायचं, एवढंच आईला विचारून झोपायला गेली. अप्पांना त्या दिवशी भाकरी गेली नाही.

शनिवार उजाडला. अप्पा सकाळी सगळ्यांच्या आधी कार्यालयात आले. आत चंद्रव्वा झाडलोट करत होती. चंद्रव्वा इथं झाडायला लागली तेव्हा अप्पांच्या डोक्यावर केस होते. “फुलं कुजली की सायब,” ती म्हणाली, “मुंग्या झाल्या. निर्माल्य काडलं समदं. तळ्यावर सोडून येते सांजच्याला.” दाराशी टोपलीत झेंडूचा काळपट ढीग होता.

अप्पांनी सवयीनं बटण दाबलं, सवयीनं डोळे मिटले आणि धीर धरला. डोळे उघडले तर पडद्यावर निळं आकाश होतं. खाली हिरवळ. संगणक चालू झाला होता.

क्षणभर त्यांना काही कळेना. मग त्यांनी पाठीमागं वाकून पाहिलं. हार नव्हता, कुंकू पुसलेलं होतं आणि पेनड्राइव्हच्या जागी एक रिकामी फट होती. प्रभुलिंगअप्पा काही मठ्ठ माणूस नव्हे. त्यांना सगळं एका दमात कळलं. तो पेनड्राइव्ह पाठीत असेतोवर यंत्र दर वेळी त्याच्याकडंच धावत होतं आणि पहिल्यापासून सुरुवात करत होतं. नवमीलाच काम झाल्यावर दोन बोटं पुढं करून तो उपटला असता, तर एवढी रांग, एवढा उपास, काहीच लागलं नसतं.

जुन्या नोंदी यंत्राच्या दुसऱ्या कप्प्यात जशाच्या तशा होत्या. बंद खिडकीबाहेर रांग लागायला लागली होती. रांगेच्या हिशेबानं पहिला दाखला बुद्धप्रियाचा. पण यंत्र नवीन, प्रिंटर बरेच दिवस थंड. दुसऱ्याच्या कागदावर प्रयोग करणं बरं नव्हे, म्हणून चाचणीदाखल अप्पांनी काव्याचा काढला. चाचणी यशस्वी झाली. सही केली, शिक्का मारला, घडी घालून दाखला वरच्या खिशात ठेवला. कागद छातीला गरम लागत होता. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसून त्यांनी बुद्धप्रियाची नोंद उघडली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. अण्णाराव मालक श्रीशैलहून थेट कार्यालयात आले होते, हातात प्रसाद.

“आयतु!” पडदा बघून मालक कन्नडमध्ये गरजले. झालं काम! “बघितलास प्रभुलिंग? मल्लिकार्जुनापुढं डोकं टेकलं आणि हितं मशीन चालू. काय म्हणतो त्याला?” मग ते कौतुकानं संगणकाच्या मागं गेले आणि थांबले. “माझा पेनड्राइव्ह कुठाय?”

सगळं कार्यालय तोवर जमलं होतं. कुणी छताकडं बघितलं, कुणी छडीकडं.

“निर्माल्यात हाय की मालक,” चंद्रव्वा म्हणाली. “अजून तळ्यात सोडलं न्हाई.” तिनं टोपलीत हात घालून तो काढला, पदरानं पुसला आणि मालकांच्या हातात दिला.

“म्हणजे पूजा मोडली,” मालक म्हणाले. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “हरकत नाही. बंद करा मशीन. परत बसवू, परत चालू करू. माझ्या हातानं. बरोबर हाय की नाही, प्रभुलिंग?”

एक वाक्य पुरलं असतं. मालक, त्यानंच तर अडत होतं. अप्पांच्या जिभेवर ते आलंही होतं. बुद्धप्रियाची नोंद समोर उघडी होती, छापायचं चिन्ह बोटाखाली होतं. पण त्या वाक्याचा अर्थ असा झाला असता की मालकांच्या हातानं अपशकुन झाला. आणि असं म्हणणारा माणूस या कार्यालयात अजून जन्माला यायचा होता. शिवाय खिशातला कागद आता निवला होता आणि चांगला कोरडा होता.

“बरोबर हाय, मालक,” अप्पा म्हणाले आणि संगणक बंद केला.

विभूती लागली. टाळ्या झाल्या. नारळ फुटला. पडद्यानं अदबीनं विचारलं, ‘भाषा निवडा.’

खिडकी उघडली तेव्हा काव्या आणि बुद्धप्रिया दोघी उभ्या होत्या. अप्पांनी काव्याच्या हातात घडी ठेवली आणि दुपारची बार्शीची गाडी धरायला सांगितलं. तिनं कागद उघडून बघितला, मग शेजारी बघितलं.

“अप्पा, हिचा?”

अप्पांना लाज वाटली. खरोखर वाटली, कानांपर्यंत. त्यांनी पाटीकडं बोट दाखवलं. पाटी पक्क्या रंगातली होती.

“सर, मघाशी तर आतून प्रिंटरचा आवाज येत होता की,” बुद्धप्रिया म्हणाली. रांगेतल्या बाकीच्यांनीही तो आवाज ऐकला होता. ते घड्याळाकडं बघत होते.

प्रभुलिंगअप्पांना नावं ठेवायची घाई करू नका, वाचकहो. तो पेनड्राइव्ह तुम्हाला नवमीपासून दिसत होता. खरं तर मथळ्यातच दिसला होता. ‘अहो, काढा तो!’ असं तुम्ही एकदा तरी ओरडलात? नाही. निवांत टेकून बसलात आणि पुढं काय होतंय ते वाचत राहिलात. बरोबरच आहे तुमचं. तुमचा दाखला थोडाच अडकला होता?