चौदा बटणं आणि एक माकड

टक्!

एवढासाच आवाज. पण दुपारच्या झोपेच्या वेळी निशिगंधाच्या घरात एवढासा आवाज म्हणजे तोफ! तिने फक्त पंख्याचा खटका दाबला होता. सेक्टर तीसमधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरला ज्याने हे खटके बसवले, तो आधी तोफखान्यात नोकरीला असणार, अशी तिची खात्रीच होती. पाळण्यातल्या आठ महिन्यांच्या जाईने एक डोळा उघडला, 'पुन्हा असं केलंस तर बघ' असा आईवर रोखला आणि मिटला.

"ठरलं," निशिगंधा ओठांतल्या ओठांत म्हणाली. "बटणं घ्यायची ती बिनआवाजाची."

बटणं कसली, ते सांगायला हवं. रविवारी अंशुमनचा सातवा वाढदिवस होता आणि निशिगंधा त्याच्यासाठी घरच्या घरी गेमचं कपाट बनवत होती. मॉलमध्ये असतं ना, तसं. उभं कपाट, वर पडदा, खाली दांडा आणि रंगीबेरंगी गोल बटणं. पुण्याहून इकडे उत्तरेत बदली झाली तेव्हा फ्रिज ज्या लाकडी खोक्यातून आला ते गॅलरीत पडून होतं, त्याचं झालं कपाट. जुन्या कॉम्प्युटरचा पडदा होता. पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर ऑनलाइन मागवला. राहिली फक्त बटणं.

"मी काही मदत करू का?" देवेंद्रने विचारलं. देवेंद्र म्हणजे तिचा नवरा, शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत केसाचा हजारावा भाग मोजणारी यंत्रं करायचा, आणि घरातला टपकणारा नळ त्याला दीड वर्षात दिसला नव्हता.

"अजिबात नाही! इन्स्ट्रुमेंटेशनला कॉलेजात दुसरी आले होते मी. चाकणच्या कारखान्यात चार वर्षं आख्ख्या मशिनांच्या वायरी जोडल्यात. चौदा बटणं म्हणजे मला चौदा पुऱ्या! सोडल्या की फुगल्या!"

आता खरी गोष्ट अशी, की हे कपाट वाढदिवसासाठी नव्हतंच. महिन्यापूर्वी शाळेत बाईंनी विचारलं होतं, कुणाची मम्मी काय करते. अंशुमनने सांगितलं, "इंजिनिअर है." शेजारच्या बाकावरचा मुलगा फिस्सकन हसला होता. "झूठ! तेरी मम्मी तो घर पे रहती है." अंशुमनने हे बूट काढता काढता सांगितलं, न रडता, न रुसता. त्याच संध्याकाळी फ्रिजचं खोकं गॅलरीतून घरात आलं.

मंगळवारी जाईला झोळीत घालून, पोटाशी बांधून, निशिगंधा सेक्टर अठराच्या मार्केटात गेली. कोपऱ्यावरचं दुकान, गल्ल्यावर कुलवंतसिंग नावाचे वयस्कर सरदारजी, नाकाच्या टोकावर चष्मा.

"ये लो भैणजी, असली क्लिक वाला!" त्यांनी लाल बटण टकाटक टकाटक वाजवलं. "बच्चे को मज़ा तो क्लिक का ही आता है!"

जाईचा खालचा ओठ बाहेर आला.

"श्श्श!" निशिगंधा म्हणाली. "ऐसा चाहिए जिससे ये नहीं उठेगी."

मग जे झालं तसं त्या मार्केटात आजवर झालं नसेल. सरदारजी एकेक खण उघडत गेले आणि निशिगंधा एकेक बटण जाईच्या कानाशी नेऊन दाबत गेली. पिवळं. भुवई हलली, नापास! निळं. नाक फेंदारलं, नापास! सरदारजी आता कुजबुजत बोलत होते. पंखा कुरकुरत होता, तो त्यांनी बंद केला. इन्व्हर्टरचा फ्यूज मागायला आलेल्या एका आडदांड गृहस्थाला सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी करावा लागला. अख्खं दुकान घामाने निथळत होतं आणि जाई न्यायाधीशासारखी झोपली होती. अकराव्या खणातलं हिरवं बटण दाबलं, आणि जाई झोपेत हसली!

"पास!" सरदारजी पुटपुटले. स्वतःची नात दहावी पास झाल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

चौदा बटणं पुडीत बांधताना ते म्हणाले, "भैणजी, लगाने का तरीका लिख दूँ? इसकी तीन टाँगें होती हैं, तो कई लोग..."

"भाईसाहब," निशिगंधाने मान ताठ केली, "मैं इंजिनिअर हूँ."

"ओ जी!" त्यांनी हातच जोडले. "फिर तो आप हमें सिखाओ!"

जाईच्या झोपा चोरून चोरून शुक्रवारपर्यंत सगळी जोडणी झाली. हात कसे भराभर चालले! दीड वर्ष भाकरी थापलेल्या बोटांना सगळं जसंच्या तसं आठवत होतं. विचारसुद्धा करावा लागला नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

शनिवारी सकाळी मात्र घरात एक गुन्हा उघडकीला आला. अंशुमनचं दूध गॅलरीतल्या मनीप्लँटच्या कुंडीत सापडलं.

"जाईने गिराया," अंशुमन म्हणाला.

जिला अजून रांगता येत नव्हतं, ती म्हणे पेला घेऊन गॅलरीत गेली! निशिगंधाने त्याला समोर बसवलं आणि वीस मिनिटं लेक्चर दिलं. चूक झाली तर झाली म्हणायचं. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारायची नाही. आणि खोटं तर मरेपर्यंत बोलायचं नाही!

"कळलं?"

"हाँ आई."

"मराठीत!"

"हो आई."

अकरा वाजता सहकुटुंब उद्घाटन झालं. देवेंद्रने टाळ्या वाजवल्या. निशिगंधाने प्लग लावला. पडद्यावर एक माकड आलं. झाडांवरून उड्या मारत नारळ गोळा करायचे, असा साधा सोज्वळ खेळ.

पण माकडाने कुणाची वाटच पाहिली नाही! कुणी बोट लावायच्या आत ते उड्या मारू लागलं, नारळ फेकू लागलं, फांद्यांवर डोकं आपटू लागलं. अंगात आल्यासारखं!

"आई, अंदर भूत है क्या?" अंशुमनने विचारलं आणि घाबरून एक बटण दाबलं. माकडाने उडी मारायचं थांबवलं, पण नारळ चालूच. त्याने दुसरं दाबलं. नारळ थांबले. बोट उचललं, की पुन्हा धुमाकूळ! शेवटी तिघांनी मिळून, हातांची बोटं, अंशुमनचं कोपर आणि देवेंद्रची हनुवटी लावून चौदाही बटणं दाबून धरली, तेव्हा कुठे माकड शहाण्यासारखं उभं राहिलं. जगात असा खेळ कुणी खेळला नसेल!

"वायरिंग एकदा बघू का मी?" देवेंद्रने हनुवटी न उचलता विचारलं.

"वायरिंग? माझं? अरे, बटणं खराब आहेत! चौदाच्या चौदा! गोड बोलून फसवलं त्या माणसाने!"

"चौदाच्या चौदा?" देवेंद्र हळूच म्हणाला. चौदा बटणं एकाच वेळी, एकाच तऱ्हेने खराब होत नसतात हे शास्त्रज्ञाला कळत होतं. पण लग्नाला नऊ वर्षं झालेली, तेही कळत होतं. तो उठला आणि नळ बघायला गेला. दीड वर्षात पहिल्यांदा!

निशिगंधाने फोन उचलला. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर दोनशे बारा माणसं. तिने दुकानाच्या नावासकट ठोकून लिहिलं: 'सावधान! सगळा माल खराब. स्वतः इंजिनिअर असूनही मी फसले, तुमचं काय होईल!' प्रतिमाकाकूंचा राग आलेला चेहरा तत्काळ आला. पाठोपाठ आणखी सतरा चेहरे आले.

चार वाजता जाईला पोटाशी बांधून, अंशुमनचं बोट धरून आणि बटणांची फळी काखेत मारून ती दुकानात शिरली. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तिने फळी काउंटरवर आपटली.

"भाईसाहब! चौदा के चौदा खराब! कल मेरे बेटे का जन्मदिन है! ऐसे फसाते हो आप लोगों को?"

सरदारजींनी आधी झोळीत डोकावून पाहिलं. मग पंखा बंद केला आणि कुजबुजत म्हणाले, "भैणजी, आवाज थोड़ी हल्की. बेबी सो रही है."

तिथेच निशिगंधा अर्धी विरघळली. पण अर्धी अजून रागातच होती.

त्यांनी फळी उलटी केली. चष्मा वर सरकवला. तीन सेकंद पाहिलं. फळीकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा फळीकडे. पक्कड घेऊन पहिल्या बटणाची एक वायर एका पायावरून काढली आणि शेजारच्या पायावर बसवली. बस्स. एवढंच.

आणि निशिगंधाच्या कानांच्या पाळ्या तव्यासारख्या तापल्या.

तिला कळलं. बटणाच्या तीन पायांपैकी एक पाय असा, की दाबलं तर वीज धावते. खेळाला तोच लागतो. दुसरा अगदी उलटा. वीज आपली धावतच असते, दाबलं की तुटते. कारखान्यात धोक्याच्या वेळी मशीन थांबवायला जी लाल बटणं असतात ती सगळी या दुसऱ्या पायावर जोडतात. चार वर्षं तिने तीच जोडली होती. शेकड्यांनी! हातांनी विचार न करता पुन्हा तेच केलं होतं. मुलाच्या वाढदिवसासाठी तिने खेळ केलाच नव्हता. चौदा धोक्याची बटणं असलेला कारखाना केला होता!

"भाईसाहब, वो..." तिने सुरुवात केली. तेवढ्यात मागून खणखणीत मराठी आली.

"अगं निशिगंधा! बरं झालं, इथंच सापडलीस! तुझा मेसेज वाचला नि तसाच निघालो!"

एअर फोर्समधून निवृत्त झालेले, मंडळाचे खजिनदार कृष्णकांतकाका! पिशवीत गेल्या आठवड्यात इथूनच घेतलेली इस्त्रीची वायर. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं हिंदी सोडलं. "ये वापस लो! ये लड़की इंजिनिअर है, इंजिनिअर! उसने बोला खराब, मतलब खराब!"

अंशुमनने मान वर करून आईकडे पाहिलं. चारचौघांत, मोठ्या माणसाने, आपल्या आईला इंजिनिअर म्हटलेलं त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याचा चेहरा असा उजळला होता, की बघवेना.

एक वाक्य बोलायचं होतं. 'काका, चूक माझी आहे.' चारच शब्द! पण तिने झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली.

सरदारजींनी तिच्याकडे पाहिलं. पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग काकांना म्हणाले, "हाँ जी, साब. माल ही हमारा उल्टा आ गया था. मैडम ने पकड़ लिया. सॉरी जी."

"क्यों निशिगंधा?" काकांनी विजयाने विचारलं.

आणि निशिगंधाने मान डोलावली. हो, डोलावली!

उरलेल्या तेरा वायरी सरदारजींनी दहा मिनिटांत बदलल्या, मजुरी घेतली नाही, आणि वर एक पंधरावं बटण अंशुमनच्या हातावर ठेवलं. "हैप्पी बड्डे, पुत्तर." काकांची चांगली वायरही परत घेतली.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर काकांचा मेसेज झळकत होता: 'दुकानदाराने चूक कबूल केली! आपल्या निशिगंधाचा अभिमान!' एकतीस अंगठे. प्रतिमाकाकूंनी लिहिलं होतं, 'वाघीण!' वाघिणीने फोन डाळीच्या डब्यामागे ठेवून दिला.

रविवारी माकड इतकं गुणी निघालं, की विचारू नका! दाबलं तर उडी, नाही तर नाही. आठ पोरं कपाटाला लोंबकळत होती. बाकावरचा तो मुलगा पण आला होता. "आंटी, सच में आपने बनाया?" त्याने विचारलं, तर तिच्याआधी अंशुमनच ओरडला, "बोला था ना! इंजिनिअर है!" देवेंद्रने तिच्या हातात केकचा तुकडा दिला. तो तिने त्याच मुलाच्या ताटलीत सरकवला.

संध्याकाळी पोरं गेली. जाई पाळण्यात. देवेंद्र फुगे फोडायला खाली घेऊन गेला होता, आवाज नको म्हणून. निशिगंधा कागदी ताटल्या गोळा करत होती आणि अंशुमन दुधाचा पेला समोर ठेवून ते पंधरावं बटण उलटंसुलटं करत बसला होता.

"आई, ये वाला भी बाकी चौदा जैसा ही है. बिल्कुल सेम. अंकल ने तो सिर्फ तार की टाँग बदली. माल उल्टा नहीं था ना?"

ताटल्या एकात एक घालता घालता ती म्हणाली, "नाही."

"तार किसने लगाई थी?"

"मी."

"तो अंकल झूठ बोले."

"हं."

"और तूने हाँ बोला."

आता एकही ताटली उरली नव्हती. तिने गोळा केलेल्याच पुन्हा मोजायला घेतल्या. अंशुमन बेरजेतला हातचा शोधावा तसा छताकडे बघत होता. रागावला नव्हता तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तो वो दूध वाला लेक्चर..."

"मराठीत बोल," निशिगंधा म्हणाली.

अंशुमनने आज्ञाधारकपणे एकेक शब्द गोळा केला.

"दुधाचं लेक्चर... आता कुणी कुणाला द्यायचं, आई? तू दुकानवाल्या काकांना, की मी तुला?"