पारदर्शक पटलाचा प्रस्ताव

मानवजातीचे भवितव्य नवजात बालकांच्या हाती असते आणि नवजात बालकांचे भवितव्य अर्जाच्या नमुन्यात असते. मी एका छोट्या प्रसूतिगृहात कारकून असल्यामुळे या दुसऱ्या भवितव्याशी माझा रोजचा संबंध येतो.

आमच्या प्रसूतीच्या खोलीला उत्तरेकडे एक खिडकी आहे. तिची काच दोन वर्षांपूर्वी फुटली. बाळांना ऊब देणारा अत्याधुनिक पाळणा आत आणताना त्याचा कोपरा लागला. (पाळण्याला ओरखडाही आला नाही. तो सुरू करायला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड माहीत असलेले गृहस्थ नोकरी सोडून गेले. सध्या त्यात कापसाचे गठ्ठे ठेवतो.)

मोठ्या सिस्टर तीस वर्षं बाळंतपणं करत आल्या आहेत. थंडीत त्या खिडकीतून येणारा वारा बाळांना सोसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पुठ्ठा लावला की पावसात भिजून गळून पडे. दुरुस्ती विभागाने कळवलं की काच नवकल्पनेमुळे फुटली असल्याने तिची भरपाईही नवकल्पनेनेच व्हावी. हा युक्तिवाद बिनतोड होता. मी माता व नवजात नवकल्पना निधीकडे ‘खिडकीला काच बसवणे’ असा अर्ज केला. तो परत आला. शेरा होता : ‘काचेचा शोध पूर्वीच लागलेला आहे.’

निधीने मग आपणहून एक सल्लागार पाठवला. त्याने खिडकीकडे पाठ करून दोन तास विचार केला आणि अर्जाला नाव दिलं : ‘माता-नवजात सूक्ष्म-वातावरण संरक्षक पारदर्शक पटल.’ हा अर्ज दुसऱ्या फेरीत गेला. तिथे त्रेचाळीस प्रश्न होते. पटल विजेशिवाय चालते का? (चालते.) पटलातून कोणती माहिती संकलित होते? (समोरच्या गल्लीची.) पटलामुळे मातेचे सक्षमीकरण कसे होईल? सिस्टर म्हणाल्या, तिला वारा लागणार नाही. मी लिहिलं, ‘माता वाऱ्यावर सोडली जाणार नाही.’ या वाक्याला दहापैकी दहा गुण मिळाले.

पुराव्यासाठी निम्मी बाळंतपणं काचेसह आणि निम्मी काचेविना करायची होती. काचेविनाची निम्मी आम्ही मुदतीआधीच पूर्ण केली. या तत्परतेबद्दल समिती स्वतः पाहणीला आली.

त्याच सकाळी एक पहिलटकरीण आली. दिवस भरायला पाच आठवडे बाकी होते. बरोबर फक्त सासूबाई. समिती माझ्या टेबलाशी चहा घेत असताना बाळ झालं. एक किलो सातशे. रडलं, पण बारीक आवाजात. बाहेर बोचरा वारा सुटला होता. सिस्टरनी बाळाला पुसून, टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर दोन पांघरुणं घातली आणि स्वतः अंगणात आल्या. तिथे मी स्वागताचा फलक बांधत होतो. जाड प्लास्टिकचा, आठ बाय सहा, त्यावर हसरी आई.

“भाऊसाहेब, तो फलक सोडा.”

मी म्हटलं, फोटोसाठी लागणार आहे.

“फोटोला थंडी वाजत नाही,” त्या म्हणाल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणून मी गाठ सोडली.

खिडकीवर फलक ताणताना एक दोरी मी धरली, दुसरी सासूबाईंनी. गाठ त्यांचीच पक्की बसली. वारा थांबला. आई पुटपुटली, “पाय गार आहेत हो याचे.” सिस्टर तिथेच स्टूल ओढून बसल्या आणि बाळाचे पाय तळहातात धरून राहिल्या. तेवढ्यात समितीतल्या एका बाईंनी दारातून डोकावून विचारलं, की हा फलक मूळ आराखड्यात होता का. सिस्टरनी उत्तर दिलं नाही. मौन ही संमती धरण्यात आली.

पुढचं सगळं नियमानुसार झालं. फलकाला वर्षातली सर्वोत्तम नवकल्पना म्हणून मान्यता मिळाली. तसे फलक चारशे प्रसूतिगृहांना मंजूर झाले. पात्रतेची अट एकच, खिडकीची किमान एक काच फुटलेली असावी. (शेजारच्या प्रसूतिगृहाने ही अट एका दुपारात पूर्ण केली.) आमचा काचेचा अर्ज मात्र निकाली निघाला, कारण काच बसवल्यास फलकाची परिणामकारकता शून्य होते.

पारितोषिक घ्यायला सिस्टरना बोलावलं होतं. त्या दिवशी दोन बाळंतपणं होती, म्हणून मी गेलो. तुम्हाला सांगितली तीच हकिगत तिथे सांगितली. सभागृह पोट धरून हसलं, नंतर गंभीर झालं, नंतर उभं राहिलं. सतरा प्रश्न आले. प्लास्टिकची जाडी, दोरीचा प्रकार, छापलेली आई कोणत्या वंशाची असावी. बाळाचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही. परत येताना गाडीत मला त्याचं नवल वाटलं. पण तुम्हीही आतापर्यंत काचेतच अडकला होतात, तेव्हा त्यांना एकट्यांना काय बोल लावायचा.

बाळ जगलं. आईने त्याला चोवीस दिवस छातीवरून खाली ठेवलं नाही. ती दमली की सासूबाई पदराआड घेऊन बसायच्या. आता वजन चार किलो आहे.

मुलगी आहे. तेही तुम्ही विचारलं नव्हतं.